यंत्र बंद असतानाच्या तासांचा हिशेब

“झोपेत घोरता का?” डॉक्टरांनी विचारलं आणि मला रागच आला. मी रक्तदाबासाठी गेले होते. टेबलावर माझी वही उघडी होती. तीन महिन्यांच्या नोंदी, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सात, एकही खाडा नाही. निवृत्त ऑडिटर बाईची वही असावी तशीच, तांबड्या शाईत सरासरी आणि खाली दुहेरी रेघ. दोन गोळ्या चालू होत्या, तिसरी सुरू करायची का यावर बोलणं चाललं होतं. त्यात हे घोरणं कुठून आलं?

“मी नाही घोरत,” मी म्हटलं. “हे घोरतात.”

शेजारच्या खुर्चीतले ‘हे’ छताकडे बघायला लागले. एकतीस वर्षांच्या संसारात मला ती नजर ओळखता येते. मग डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाले, “घोरते ती. आणि मधेच एकदम गप्प होते. मला त्या गप्प होण्याचीच भीती वाटते.”

घरी येताना मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणे, बाईमाणसाला तू घोरतेस असं तोंडावर कसं सांगायचं. सभ्यपणापायी जीव जायचा एखाद्याचा!

डॉक्टरांचा प्रश्न माझ्या वहीतूनच निघाला होता, हे मला नंतर कळलं. माझा सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा कायम वर असायचा. सकाळी सरासरी १४६/९२, संध्याकाळी १३२/८४. एरवी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत १० ते २० टक्के उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच काय ती उसंत. माझ्या दंडाला चोवीस तासांचा पट्टा बांधून पाहिलं, तर हा उतार जवळपास नव्हताच. पहाटे उलट चढ होता. दोन-तीन गोळ्या देऊनही रक्तदाब हटत नसेल तर झोपेतला श्वास तपासायचा, हा आता हृदयरोगवाल्यांचा शिरस्ता आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात म्हटलंय की उच्च रक्तदाब, हृदयाच्या धमन्यांचा आजार, हृदय निकामी होणं, ठोक्यांची अनियमितता किंवा पक्षाघात असलेल्या रुग्णांपैकी ४० ते ८० टक्क्यांना झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार असतो. त्यातल्या बऱ्याच जणांचा तो ओळखलाच जात नाही.

माझा तर ओळखला जाणं अवघडच होतं. मी काही जाड मानेची, बसल्याजागी डुलक्या घेणारी नव्हे. मला नुसता थकवा असायचा. सकाळी डोकं जड, दुपारी चिडचिड, रात्री दोनदा लघवीला उठणं. पाळी गेल्यापासून हे सगळं सुरू झालं होतं, म्हणून सगळं पाळीच्या नावावर टाकून मी मोकळी झाले होते. हिशेबात ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती उचंत खात्यात टाकतात. बायकांच्या तब्येतीत पाळी जाणं हे असंच उचंत खातं आहे, काहीही टाका, कोणी विचारत नाही. खरी गोष्ट अशी की पाळी गेल्यावर बायकांमध्ये या विकाराचं प्रमाणच वाढतं.

तपासणीची रात्र फार सांगत नाही. डोक्याला, छातीला, पायांना वायरी, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि केसांत ती चिकट पेस्ट, जी दोनदा केस धुऊनही कानामागे उरते. या थाटात झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण सहा तास लागली.

अहवालात मधोमध एक आकडा असतो, एएचआय. तासाला सरासरी किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा अपुरा पडला, त्याची ही मोजणी. पाचाच्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा १९ होता. म्हणजे त्या सहा तासांत ११४ वेळा. पण माझं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. सवयच आहे, बेरजेपेक्षा तपशील आधी वाचायची. साध्या झोपेत तासाला १२, आणि स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत ४४. रक्तातला ऑक्सिजन सगळ्यात खाली ७८ टक्क्यांपर्यंत गेला होता, तोही रेममध्येच.

रेम झोपेत डोळे आणि श्वासपटल सोडून अंगातले बहुतेक स्नायू ढिले पडतात. घशाचेही पडतात, म्हणून घसा तेव्हा जास्त मिटतो. आणि रेम झोप रात्रभर सारखी वाटलेली नसते, तिचा मोठा हिस्सा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येतो. ही ओळ लक्षात ठेवा, माझी सगळी लबाडी पुढे इथेच पकडली गेली.

श्वास अडकतो म्हणजे काय, हे मला अहवालापेक्षा यांच्या फोनवरच्या चित्रफितीत जास्त समजलं. पहाटे सव्वाचारला, दिव्याच्या मंद उजेडात घेतलेली. आधी घोरणं. (माझंच. मान्य.) मग शांतता. पण पांघरूण हलतंय. छाती वर उचलली जातेय, पोट आत ओढलं जातंय, पुन्हा छाती, पुन्हा पोट, प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा जोरात, आणि आवाज काही नाही. बंद दाराला कोणी आतून धडका मारत असावं तसं. यांनी बाजूला घड्याळ धरलं होतं. अडतीस सेकंद. मग एक घुसमटलेला हुंदका, मान झटकली गेली, आणि मी पुन्हा घोरायला लागले. मला यातलं काहीही आठवत नाही.

त्या अडतीस सेकंदांत छातीच्या पिंजऱ्यात पोकळी तयार होते आणि तिच्या ओढीने हृदयाच्या भिंती ताणल्या जातात. ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि श्वास सुटतो नेमक्या त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो. हे रात्रीतून शंभरदा, वर्षानुवर्षं. आवळलेपणाची ती सवय मग दिवसाही सुटत नाही. रात्रीच्या लघवीचाही उलगडा इथेच झाला. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की ते एक संप्रेरक सोडतात. अंगात पाणी जास्त झालंय असा त्यांचा समज होतो आणि मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा हुकूम जातो. मी मूत्राशयाला दोष देत होते, चूक घशाची होती.

आमच्या बाबांचं घोरणं दोन खोल्या ओलांडून यायचं. घोरणं म्हणजे गाढ झोप, कष्टाच्या माणसाची झोप, असं आम्ही समजायचो. एकसष्टाव्या वर्षी पहाटे चारच्या सुमाराला ते झोपेतच गेले. नंतर मी २००५ सालचा एक अभ्यास वाचला. ११२ जणांच्या अकस्मात हृदयमृत्यूंच्या वेळा तपासल्या होत्या. हा विकार असलेल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते, नसलेल्यांपैकी २१ टक्के. वाचून मी बराच वेळ गप्प बसले. पण बाबांची झोप कधी तपासलीच गेली नाही. कागद नसताना मी निष्कर्ष लिहीत नाही, त्यांच्या बाबतीतही लिहिणार नाही.

मला सीपॅप यंत्र दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून थोड्या दाबाने खोलीतलीच हवा. तिच्या रेट्याने घसा मिटत नाही, एवढंच. यात औषध नाही, ऑक्सिजनही नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा पहिला प्रयोग छापला. त्याआधी तीव्र विकारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरायचे म्हणे. त्या मानाने माझ्या नळीची कुरकुर करायला मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पहिला मास्क नाकाच्या हाडावर रुतायचा, दुसऱ्यातून डोळ्यांत वारा यायचा, थंडीत नळीत पाणी साचून पहाटे नाकात थेंब पडायचा. तिसरा, नाकपुड्यांशी नुसत्या गाद्या टेकवणारा, तो टिकला.

आणि रोज सकाळी पडद्यावर गुण यायचे. एएचआय २.०. कधी १.८, कधी २.३. १९ वरून दोनवर! मी वहीत तांबड्या शाईने लिहायचे. सात महिने लिहिलं.

रक्तदाब मात्र जेमतेम हलला. सकाळची सरासरी १४६ ची १४३ झाली. मी चिडले आणि कारण शोधायला लागले, खरं म्हणजे पळवाट. ती सापडलीही. ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी, २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २७१७ जण, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि सीपॅप, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. सरासरी ३.७ वर्षं पाठपुरावा. निकाल काय, तर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांत सीपॅपने घट झाली नाही. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, मन बरं राहिलं, पण हृदय वाचवण्याच्या बाबतीत पदरात काही नाही.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. नळी गुंडाळून कपाटात टाकायला मी मोकळी! यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता एका आकड्यावर जीभ अडखळली. त्या चाचणीत लोकांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तास लावला होता.

मी उठले आणि यंत्राच्या पडद्यावर दुसरं पान उघडलं. एएचआय रोज बघत होते, वापराचे तास कधी लिहून ठेवले नव्हते. माझी सरासरी ३.४ तास.

तसं मला माहीत नव्हतं असं नाही. साडेतीनच्या सुमाराला मी लघवीला उठायचे, मास्क काढून उशाशी ठेवायचे आणि परत आल्यावर “आता काय, पहाट झालीच” म्हणून तशीच झोपायचे. पण ते वहीत नव्हतं. ऑडिटमध्ये माझी उभी हयात गेली. खोटा आकडा लिहिणारे थोडे असतात, नको तो आकडा न लिहिणारे मात्र भरपूर. मी या दुसऱ्या जातीतली निघाले. यंत्राचा तो दोनचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त मास्क लावलेल्या वेळातला होता. मास्क उशाशी पडला असताना घशात काय चाललंय हे यंत्राला कसं कळणार?

मग मी बसून सगळं मांडलं. जुना अहवाल तासवार पाहिला. रात्रीच्या पूर्वार्धात तासाला ११, उत्तरार्धात २७. माझी झोप साडेसहा तास. ३.४ तास मास्क, तासाला २ प्रमाणे सात. उरलेले ३.१ तास विनामास्क, तासाला २७ प्रमाणे चौऱ्याऐंशी. बेरीज ९१, भागिले साडेसहा, उत्तर १४. ढोबळ हिशेब आहे, पण १९ वरून मी दोनवर आले नव्हते, चौदावर आले होते. आणि मास्क काढून ठेवलेले तास ते कोणते? रेमचे. ऑक्सिजन ७८ वर नेणारे. रखवालदार ठेवायचा आणि चोरी होते नेमकी त्याच वेळी त्याला घरी पाठवायचं, असा माझा कारभार.

‘सेव्ह’नंतर त्या प्रश्नाचा पाठपुरावाही झाला आहे. २०२३ साली ‘जामा’मध्ये तीन चाचण्यांतल्या एकूण ४१८६ रुग्णांची माहिती एकत्र करून मांडली गेली. सगळे धरले तर फरक नाही. ज्यांनी रोज चार तास किंवा जास्त मास्क लावला त्यांच्यात पुन्हा झटका वगैरे येण्याचा धोका सुमारे ३१ टक्के कमी. हे वाचून उड्या मारू नयेत, असं माझ्यातली ऑडिटर म्हणते. मास्क नेमाने लावणारा माणूस गोळ्याही नेमाने घेतो, चालायलाही जातो. मग श्रेय मास्कचं किती आणि नेमाचं किती? चिठ्ठी टाकून मास्क देता येतो, नेम देता येत नाही. शिवाय ‘सेव्ह’मध्ये फार झोपाळू आणि ऑक्सिजन फार घसरणारे रुग्ण घेतलेच नव्हते, त्यांना उपचाराविना ठेवणं बरोबर नव्हे म्हणून. म्हणजे ज्यांना फायदा होण्याची शक्यता जास्त, तेच मोजणीबाहेर. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि सीपॅप लावा म्हणजे झटका येणार नाही असं कोणी छातीठोक सांगत असेल तर मी त्याची पावती मागेन.

रक्तदाबाचा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे, पण माफक. सर्वसाधारणपणे दोन-तीन मिलिमीटर. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाच्या १९४ रुग्णांवर स्पेनमध्ये चाचणी झाली, २०१३ साली छापून आली. बारा आठवड्यांत चोवीस तासांची सरासरी ३.१ ने जास्त उतरली, आणि रात्रीचा हरवलेला उतार बऱ्याच जणांना परत मिळाला. माझ्या नणंदेने सुचवलं होतं की नळीपेक्षा रात्रभर ऑक्सिजनच लाव, सोपं पडेल. तेही करून पाहिलेलं आहे. २०१४ च्या एका चाचणीत सीपॅपने रक्तदाब उतरला, नुसत्या ऑक्सिजनने नाही. दार बंदच असेल तर बाहेर ऑक्सिजन असून काय उपयोग? छातीची ती आतली ओढाताण चालूच राहते.

तर पहाटेचे तास कसे भरून काढायचे? मी गजर लावून पाहिला, उशीवर चिठ्ठी ठेवली, यांना पहारेकरी नेमलं (ते माझ्याआधी झोपतात). उपाय सांगितला तो यंत्राची माहिती उतरवून घ्यायला आलेल्या मुलाने, अर्ध्या मिनिटात. “मॅडम, मास्क काढताच कशाला? नळी काढा.” मास्कच्या पुढे, नळी जिथे जोडली जाते तिथे दोन बाजूंना चिमटीत येतील अशा पट्ट्या आहेत. दाबल्या की टक्क करून नळी सुटते. मास्क तोंडावर तसाच. जाऊन या, अंधारातच नळी टेकवा, टक्क, झोपा. सात महिने त्या पट्ट्या माझ्या हनुवटीपासून दोन बोटांवर होत्या.

पहिल्या आठवड्यात आरशात स्वतःला सोंड तुटलेल्या हत्तीसारखं पाहून दचकायचे. पण दोन महिन्यांत सरासरी ६.१ तासांवर गेली. आणि पुढे उठण्याचंच कारण कमी झालं. आता बहुतेक रात्री एकदाही नाही.

वही सांगते: पुढच्या तीन महिन्यांत सकाळची सरासरी १३४/८४. तिसरी गोळी टळली, दोन आहेत आणि राहतील. याच काळात मीठ कमी केलं, चार किलो वजनही उतरवलं. वजनाचा संबंध थेट आहे, दहा टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो असा जुना अंदाज आहे. तेव्हा १२ मिलिमीटर सगळेच नळीच्या नावावर जमा करता येत नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं की किती कशामुळे. ते हसले. मला अशी उत्तरं आवडत नाहीत, पण खरं उत्तर तेच असावं. ज्यांना मास्क काही केल्या जमत नाही त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी असते, कुणाचा घसा फक्त उताणं झोपल्यावर मिटत असेल तर कुशीवर झोपूनही भागतं. ते तुमच्या झोपतज्ज्ञांना विचारा.

दादाचं सांगायचं राहिलं. माझा मोठा भाऊ, चौसष्ट वर्षांचा. त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे. शॉक देऊन ताल ठीक केला, चार महिन्यांत पुन्हा बिघडला. २००३ च्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं होतं की श्वासाच्या विकारावर उपचार न घेतलेल्या ८२ टक्के लोकांचा ताल वर्षभरात पुन्हा बिघडला, घेतलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांचा. नंतर चिठ्ठ्या टाकून केलेल्या लहान चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. तरी त्याच्या डॉक्टरांनी झोप तपासली आणि एएचआय निघाला ३६. मी बाबांचं नाव काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. यंत्र मात्र त्याच आठवड्यात घेतलं.

परवा सकाळी त्याचा फोन आला. आवाजात नुसता जोश. “दीड! तुझ्यापेक्षा कमी आलाय माझा!”

“किती तास लावलास?”

तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “तू निवृत्त झालीस ना गं?”

“झाले. तास सांग.”